बाटली कुठे गेली?

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली. नायिका पहिल्याच परिच्छेदात 'हळवी, जिद्दी आणि कमालीची बुद्धिमान' निघाली, तेव्हाच ओळखलं, ही प्रेस नोट आहे. रागावू नकोस. बावीस वर्षं नटनट्यांची प्रसिद्धी सांभाळून मी पहिली कथा लिहिली, तीही अशीच होती.

आपल्या प्रसिद्धीवाल्यांच्या हाताला झाकायची सवय लागलेली असते. सिनेमा येण्याआधीच्या मुलाखती आठव. पत्रकाराच्या पाठीमागे आपण घड्याळ धरून उभे, पाच मिनिटं झाली की बोट गोल फिरवायचं, आवरा! घटस्फोटाचं विचारायचं नाही, हे आधीच बजावलेलं. एकदा एकाने विचारलंच. मी मध्ये पडले, विषय बदलला. तेवढ्यात नटाने समोरची पाण्याची बाटली उचलली. झाकण काढलं, लावलं, परत काढलं. बाटली रिकामी होती. रात्री मी 'परस्परसंमतीने' वगैरे घालून निवेदन लिहिलं, गुळगुळीत. त्यात बाटली नव्हती. ती अकरा वर्षांनी माझ्या एका कथेत आली, पण एका निवृत्त मास्तरांच्या हातात. नट ओळखू येता कामा नये, एवढं पथ्य पाळ. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं विकायला आपण लेखक झालेलो नाही.

तरी कुणीतरी दुखावणारच. पुढे हॉलिवूडचा पटकथाकार झालेला अर्नेस्ट लेहमन आधी न्यूयॉर्कमध्ये आयर्विंग हॉफमन या प्रेस एजंटकडे, म्हणजे आपल्यासारख्याच प्रसिद्धीवाल्याकडे, कामाला होता. त्या दुनियेवरची त्याची 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' ही लघुकादंबरी १९५० साली 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात आली. शीर्षकातला 'स्मेल' हा शब्द संपादकाला खपेना, म्हणून नाव बदललं (म्हणजे तिथेही झाकाझाक!). हॉफमनने त्याच्याशी दीड वर्ष अबोला धरला. मग त्यानेच आपल्या स्तंभात लिहिलं, की हा माणूस उत्तम पटकथा लिहील. आठवड्याभरात पॅरामाउंट या फिल्म स्टुडिओचं बोलावणं आलं. प्रेस एजंटचा राग गेला तो असा, स्तंभात चार ओळी छापून!

आता तुझ्या कथेचं. पहिली दोन पानं काढून टाक. तिसऱ्या पानावर ती आईच्या दाराशी येते आणि बेल न दाबता चपलेचा पट्टा सोडते, बांधते. तिथून सुरू कर. ती का थांबली, हे सांगू नकोस. तो खुलासा देण्याचा पगार आपल्याला दिवसा मिळतोच.

आणि पुस्तक निघालं, तर त्याची प्रेस नोट दुसऱ्या कुणाला लिहू दे. माझ्या पहिल्या पुस्तकाची मीच लिहिली होती. ती पुस्तकापेक्षा बरी उतरली.

तुझी,
ताई