सात वाटे आणि तेच सहा आकडे

प्रश्न : आमच्या बचत गटात आम्ही सात जणी. बेदाण्याचे 1 लाख आले, सातात वाटले तर कॅल्क्युलेटरवर 14285.714 आलं. पुढे 30 हजारांचे 4285.714 आणि 50 हजारांचे 7142.857. फिरून फिरून तेच आकडे! कॅल्क्युलेटर बिघडलाय का?
– गटाची हिशेबनीस, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, कॅल्क्युलेटर ठणठणीत आहे. तो बाजूला ठेवा आणि 1 भागिले 7 हा भागाकार हाताने करा. 10 मध्ये 7 एकदा, बाकी 3. 30 मध्ये चारदा, बाकी 2. 20 मध्ये दोनदा, बाकी 6. 60 मध्ये आठदा, बाकी 4. 40 मध्ये पाचदा, बाकी 5. 50 मध्ये सातदा, बाकी 1. झालं, पुन्हा पहिल्यापासून! 7 ने भागताना बाकी उरली तर ती 1 ते 6 यांतलीच असणार, आणि या सहाही बाक्या एकाच फेऱ्यात येऊन जातात. म्हणून रक्कम कोणतीही असो, पूर्ण भाग गेला नाही की दशांश चिन्हापुढे 142857 चं रिंगण सुरू. फक्त तुम्ही त्यात शिरता कुठून, तेवढंच बदलतं. 12,345 घेऊन बघा : 1763.571428.

याच कारणाने 142857 ची दुप्पट 285714, तिप्पट 428571. सातपट मात्र 999999.

142857 ही संख्या आपल्या नाशिककरांच्या जवळची आहे. देवळालीत 1930 ते 1962 मास्तरकी केलेल्या द. रा. कापरेकरांच्या नावाने ‘कापरेकर संख्या’ ओळखल्या जातात. अशा संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते : 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. आता 142857 चा वर्ग : 20408122449. त्याचे तुकडे 20408 आणि 122449. बेरीज तुम्हीच करा, मी सांगत नाही.

तेराने भागताना रिंगणाची ही गंमत अर्धीच. तिथे बारा बाक्या सहा-सहाच्या दोन टोळ्यांत फुटतात. एकीत 076923, दुसरीत 153846. सतराला मात्र सोळाही बाक्या एका फेऱ्यात येतात : 0588235294117647. साध्या कॅल्क्युलेटरच्या पट्टीत हे मावायचं नाही.

आणि हो, प्रत्येकीला 14,285 रुपये 71 पैसे दिलेत तर 3 पैसे उरतील. त्यावरून भांडू नका.

प्रश्न : 142857 च्या अंकांची बेरीज 27, तिची 9. म्हणून शेवटी हे सहा आकडे असलेला मोबाइल नंबर शुभ म्हणून जास्त पैशांत मिळतोय. घेऊ का?
– एक तरुण, सिडको, नाशिक

उत्तर : 9 ने भाग जाणारी कुठलीही संख्या घ्या, अंकांची बेरीज करत गेलात की शेवटी 9 च उरतो. 18 चंही तेच. या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनेही, म्हणजे 27 ने, पूर्ण भाग जातो : 27 गुणिले 5291. अशांना ‘हर्षद संख्या’ म्हणतात. हे नावही कापरेकरांचंच. हर्ष फुकट मिळतोय, नंबरचे जादा पैसे वाचवा.