ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की माझ्याकडं येणारी पत्रं एकदम वाढतात. कोल्हापुरातनं निम्मा रंकाळा तिकडं निघालाय असं वाटायला लागतं. मी डॉक्टर नाही, कोच नाही. एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली बरीच गगनबावड्याच्या आणि आंब्याच्या घाटात गेली. पळायला लागलो ४७ व्या वर्षी, पोट स्टिअरिंगला टेकायला लागल्यावर. घाट ओळखीचा आहे, एवढ्याच अधिकारानं उत्तरं देतोय.

मामा, रंकाळ्यावर मी १० किलोमीटर ६० मिनिटांत पळतो. साताऱ्याची हाफ २ तासांत बसेल का?
*इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मूळ गडहिंग्लज*

नाही बसणार, भावा. तुझ्या वेगानं सपाटीवरच्या हाफलासुद्धा २ तास १० ते १५ मिनिटं धरावी लागतात. अंतर वाढलं की वेग थोडा पडतोच. त्यात ही हाफ सपाट नाही. गाव सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, जाताना बहुतेक चढ आणि येताना त्याच रस्त्यानं उतार. तेव्हा घड्याळ बघून पळायचं असेल तर रंकाळ्यावर पळ, साताऱ्याला छातीचा भाता बघून पळ. चढावर शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर चालायला लाग. घाटात चालण्यात कमीपणा नाही, माझ्या पुढं चालत गेलेली माणसं शेवटी माझ्या आधी पोचलेली आहेत.

सुरुवातीच्या गर्दीत धक्काबुक्की करू नको. बिबमागं, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदामागं, चिप असते; तुझी वेळ तू स्टार्टच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावर सुरू होते.

खरं दुखणं चढाचं नाही, उताराचं. पहिल्या वर्षी मी घाट व्यवस्थित चढलो आणि वळल्यावर मोकळा सुटलो. वारा कानात, खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, पाय आपोआप पडतायत. ३ किलोमीटर राजा होतो. मग मांड्यांनी ऐकायचं बंद केलं. घरी आल्यावर ३ दिवस शुक्रवार पेठेतला जिना उलटा, कठड्याला धरून उतरलो. नातू मागनं हॉर्न वाजवत होता.

असं का होतं ते सांगतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं ओझं झेलतो. त्यात बारीक बारीक चिरा पडतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिला धडा असायचा, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतरायचा. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की लायनर तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. पळणाऱ्याचा ब्रेक म्हणजे टाच. अंग मागं टाकून, टाच पुढं आपटत उतरलास की प्रत्येक पावलाला ब्रेक दाबतोयस. पावलं आखूड आणि भरभर टाक, गुडघा किंचित वाकलेला, पाय अंगाखालीच पडू दे.

याची सवय रंकाळ्यावर लागत नाही. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी वाघबिळापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत चढ आणि पळत खाली ये. दोन दिवस दुखेल. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी तेवढा दुखत नाही, हे शास्त्रानंही मानलंय. शेवटच्या आठवड्यात मात्र हा उद्योग नको. त्या आठवड्यात कमी पळायचं, झोप काढायची.

मी ४३ वर्षांची, पहिलीच हाफ. पाळीची तारीख नेमकी त्याच दिवशी येतेय. सासूबाईंचं म्हणणं, परगावात तसले कपडे घालून कशाला पळायचं.
*एक गृहिणी, राजारामपुरी*

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मुलीचं आहे. ती नर्स आहे आणि माझ्या आधीपासून पळते. ती म्हणते, त्रास नेहमीएवढाच असेल तर पळायला हरकत नाही. पण पॅड असो वा कप, सरावाच्या मोठ्या पळण्यात वापरलेलाच घ्या. गडद टाइट्स घाला, मांड्यांच्या आतून भरपूर व्हॅसलीन लावा, एक जादा पॅड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात ठेवा. स्टार्टजवळच्या टॉयलेटला मोठी रांग लागते, म्हणून तासभर आधी पोचा. रक्तस्राव जास्त असेल, चक्कर येत असेल, तर पुढच्या वर्षी.

सासूबाईंना सांगा, ललिता बाबर सातारा जिल्ह्यातलीच, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. पळणाऱ्या बाईकडं वळून बघायची त्या जिल्ह्याला गरज नाही. सासूबाईंनाच बरोबर न्या, घाटाच्या तोंडाला उभं करा. टाळ्या वाजवायला त्याच पुढं असतील.

पळता पळता कासची फुलं बघायला मिळतील ना? मोबाईल घेऊन पळावं म्हणतोय.
*एक फोटोग्राफर, कागल*

नाही मिळणार. सातारा ते कास पठार पंचवीसेक किलोमीटर आहे आणि हाफ मॅरेथॉन २१.०९७५. म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या आसपास तुम्ही माघारी वळणार. वाटेत ढग, हिरवे डोंगर, पाऊस पडून गेला असेल तर दरीत उतरणारं पाणी, एवढं दिसेल आणि ते पुष्कळ आहे. फुलांसाठी मुक्काम वाढवा. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा मिळाला, त्यात कास येतं. हंगामात तिथं बुकिंग करून जावं लागतं. फुलांत पाय घालू नका. तसेही त्या दिवशी तुमचे पाय वाकणार नाहीत.

मोबाईल न्या, पण फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध थबकू नका. मागचा उतारावरून येतोय, त्याला ब्रेक नाही. कडेला व्हा, पण अगदी पांढऱ्या पट्ट्यावर नको. ओल्या रंगावर आणि कडेच्या शेवाळावर बूट घसरतो. कानात गाणी घालून पळणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत.

आम्ही चौघं मित्र शनिवारी रात्री उशिरा निघून पहाटे थेट स्टार्टला पोचणार. खायचं-प्यायचं कसं ठेवू?
*इचलकरंजी*

आधी निघायचं बघा. कोल्हापूर ते सातारा १२० किलोमीटर, हायवे आहे म्हणून रात्री उशिरा निघणं शहाणपणाचं होत नाही. बिब बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच देतात, ओळखपत्र दाखवून. सकाळी कुणी देईल या भरवशावर राहू नका. सातारा मोठं शहर नव्हे, त्या शनिवारी लॉज भरलेले असतात. आजच फोन करा.

आदल्या रात्री भात-आमटी, चपाती, साधी भाजी. तांबडा-पांढरा पळून झाल्यावर. मिसळीचंही तेच. सकाळी दीड-दोन तास आधी केळं, ब्रेड-जॅम, असलं पोटाच्या सवयीचं. आपल्याकडं एक हिशेब असतो, गंगावेशीत म्हशीचं दूध पिऊन पैलवान झाले, मग आपण पळायला का जाऊ नये. पैलवान दूध पिऊन २१ किलोमीटर पळत नव्हते. जड दूध पळताना पोटात डचमळतं. मी अनुभवानं सांगतोय, तपशील विचारू नका.

पाणी तहान लागेल तसं, दोन-दोन घोट. प्रत्येक टेबलावर ग्लासच्या ग्लास रिकामे करू नका. नुसतं पाणी अति झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. सावकाश, तीन-तीन तास पळणाऱ्याला हा धोका जास्त, कारण प्यायला वेळ भरपूर. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून पिणारे बहाद्दर मी बघितलेत. आणि पळण्याआधी दुखण्याची गोळी खाऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला जड जातात.

नवीन बूट, नवीन मोजे, फुकट मिळालेली ताकदीची नवीन जेल, यातलं काही त्या दिवशी नको. पायाच्या बोटांत व्हॅसलीन लावा. ओल्या मोज्यात फोड लवकर येतात.

वय ६१, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. मुलगा नको म्हणतो.
*निवृत्त शिक्षक, कसबा बावडा*

सर, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जा, ते सांगतील ती तपासणी करा, गोळ्यांच्या वेळा त्यांनाच विचारा. ते हो म्हणाले तर खिशात साखर ठेवा आणि बिबच्या मागं मुलाचा नंबर आणि गोळ्यांची नावं लिहा. पळताना छातीत दडपलं, दुखणं जबड्याकडं किंवा हाताकडं सरकलं, घाम थंड सुटला, तर तिथंच थांबा आणि हात वर करा. आठवडाभर आधी ताप येऊन गेला असेल तरी पळू नका. डॉक्टर नाही म्हणाले तर माझ्याकडं दुसरं उत्तर नाही.

परत येताना गाडी कुणी चालवावी, यावर आमच्यात वाद आहे.
*इचलकरंजीचे तेच चौघं, पुरवणी पत्र*

जो पळला नाही त्यानं. मी एकदा हट्टानं स्टिअरिंग घेतलं, आणि पेठनाक्याजवळ क्लचवरच्या पायात गोळा आला. पाय खाली जाईना, वर येईना. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास रस्त्याकडेला पोटरी चोळत बसलो. ३२ वर्षांत अशी गाडी कधी थांबली नव्हती. न पळणारा पाचवा मित्र शोधा. नसेल सापडत तर एसटीनं या, फक्त मागच्या सीटवर बसू नका.