लहान कादंबऱ्या, पण गोड नव्हेत

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

‘छोटी कादंबरी सुचवा, पण उभारीबिभारी देणारी नको,’ असं तू लिहिलंस, वाचून बरं वाटलं. हल्ली पुस्तकांच्या दुकानात शिरलं की दर्शनी टेबलावर सगळा उभारीचाच माल मांडलेला असतो. पण एक आधीच बजावतो. गंभीर आणि रडकी यांत गल्लत करू नकोस. दर प्रकरणाला नवं संकट आणणारी, धडाधड माणसं मारणारी कादंबरी ही गोड कादंबरीची सख्खी बहीण. एक डोळे पुसते, दुसरी डोळ्यांतून पाणी काढते. विचार करायला दोघीही लावत नाहीत. पुस्तक मिटल्यावर दोष कुणाच्या पदरात टाकायचा हे चटकन ठरवता येत नाही, अशी कादंबरी मी शोधतो.

म्हणून पहिलं नाव ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, १९३९ सालची. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पुढे युरोपात ज्यूंचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, लिहिणाऱ्याला नव्हतं, हे वाचताना लक्षात असू दे. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. चक्रधर विध्वंस हा आपला मराठी तरुण घरी परततोय. प्रेमात एकदा पोळलेला, त्यामुळे आता कुणात गुंतायचं नाही असं ठरवून बसलेला. बोटीवरच्या मोजक्या दिवसांत दोघं जवळ येतात. मुंबई आली की तो उतरणार, तिला मात्र उतरता येणार नाही. सगळा पीळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

वाचताना चक्रधरवर नजर ठेव. माणूस दुष्ट नाही. तिची ओढ त्याला खरोखरच आहे, आणि तरीही तो स्वतःला राखून राहतो. तू त्याच्यावर चिडशील. मग त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हा विचार मनात येईल आणि राग निम्मा गिळावा लागेल. सगळं खापर नाझींवर फोडून मोकळं होणं सोपं होतं, बेडेकर तशी सुटका देत नाहीत. शेवट सांगत नाही. तूही प्रस्तावना आणि मलपृष्ठ नंतरच वाच; आपल्याकडचे प्रस्तावनाकार शेवट फोडतात आणि वर त्याचं चार पानं विवेचन करतात. शक्यतो एका बैठकीत संपव. लोकलमध्ये रोज थोडी थोडी वाचलीस तर बोटीवरची कोंडी जाणवणारच नाही.

बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजे विभावरी शिरूरकर. त्यांची ‘बळी’ (१९५०) याच्या पाठोपाठ वाच. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरच्या अशाच सेटलमेंटमध्ये मालतीबाईंनी अधिकारी म्हणून काम केलं होतं. तिथल्या मांग-गारुड्यांचं जगणं त्यात आहे. रचना ‘रणांगण’इतकी घट्ट नाही, पण सुधारणा करायला आलेली माणसंही कुंपणाचाच भाग कशी असतात, हे इतकं जवळून मराठीत फार कमी वेळा लिहिलं गेलंय.

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). अनेकांच्या मनात ती ‘खेड्याची छानशी गोष्ट’ म्हणून बसलीय, त्यामुळे तू ती टाळशील अशी मला भीती वाटते. टाळू नकोस. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरसवदा मास्तर, जरबेचा कारभारी. एका ठिकाणी शेकूची गोष्ट येते. त्याच्याकडे बैल एकच, शेत तर करायचंय. मग त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली येते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, समाजाला जाब विचारत नाहीत, उपमासुद्धा देत नाहीत. काय झालं ते साध्या वाक्यांत सांगतात आणि पुढे जातात. तो भाग दोनदा वाच, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कुठलं वाक्य घालायचं त्यांनी टाळलंय ते समासात लिहून बघ. पुढे मास्तरच्या धडपडीतून तालीम उभी राहते. इथेच संपवली असती तर उभारीची कादंबरी झाली असती. माडगूळकर संपवत नाहीत. पाऊस दगा देतो.

बाकीची नावं पटकन सांगतो. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३): मुंबईची झोपडपट्टी; तिच्यावरचा सिनेमा बघण्याआधी पुस्तक वाच. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ (१९६५): भाषा शिवराळ आहे, अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली होती, मला विचारशील तर शिव्यांपेक्षा त्या पोरांचं रिकामपण जास्त अंगावर येतं. कमल देसाईंच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ एकाच पुस्तकात मिळतात. पहिल्या वाचनात डोक्यावरून जातील, जाऊ देत. सगळ्या मात्र ओळीने वाचू नकोस. मध्ये आठवडाभर जाऊ दे, त्या काळात दुसरं काहीही वाच, रहस्यकथा वाच.

अप्पा बळवंत चौकात सगळ्या मिळतीलच असं नाही. जुन्या वाचनालयात मागच्या कपाटांत बघ.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ मी मुद्दामच यादीत धरली नाही, कारण ती लहान नाही. वऱ्हाडी बोलीमुळे सुरुवातीला अडखळशीलही. पण परीक्षा संपल्यावर घरी निवांत असशील तेव्हा कळव, माझी प्रत पाठवतो. तिच्या नायिकेबद्दल, कौतिकबद्दल, आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका