काळी झाली म्हणजे पिकली असं नाही

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आलो. घराजवळ केनेट नदीच्या काठाने पायवाट आहे. सध्या तिथल्या काटेरी जाळ्या काळ्या फळांनी लगडल्यात आणि लोक डबे भरभरून नेतायत. पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, "करवंदंच ही, तोडा बिनधास्त." नवरा म्हणतो, परक्या देशात रानातलं काही तोंडात घालू नये, वर दंडबिंड झाला तर? मी धीर करून चार खाल्ली, तर आंबटढाण! काकू, काय करू?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : काकू म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. सासूबाईंचं थोडं चुकलंय, नवऱ्याचं जास्त.

ही ब्लॅकबेरी. करवंदाशी तिचं नातं नाही, ती गुलाबाच्या कुळातली. करवंद खुडलं की देठातून पांढरा चीक येतो, ओठ चिकटतात. हिला चीक नाही. करवंद म्हणजे एकसंध गोळी. ही मात्र बारक्या मण्यांचा घोस, आणि प्रत्येक मण्यात एक बी. हीच तिची खूणही. तिकडे कुंपणाला विषारी काळी फळंही असतात, पण ती सुटी, गुळगुळीत, गोल असतात. मण्यांचा काळा घोस, काटेरी फांदी, तीन-पाच दातेरी पानांचा जुडगा : तिन्ही जुळलं तरच हात घाल.

आता तुझी चार आंबट का निघाली? माझी लेक बर्मिंगहॅमजवळ राहते. तिच्याकडच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कोकणातल्या सवयीने काळीभोर, चकचकीत फळं हेरून पातेलंभर तोडली. एक गोड निघेल तर शपथ! शेजारच्या आजीबाईंना माझं हसू आलं. त्या मला घेऊन जाळीपाशी गेल्या. त्यांनी फळ ओढलंच नाही. तळहात घोसाखाली धरला आणि अंगठ्याने फळाला नुसता धक्का दिला. दोन आपसूक हातात आली, तिसरं हललंही नाही. ते त्यांनी सोडून दिलं. हातात आलेली दोन्ही मंद काळी होती, चकाकी गेलेली, मणी टम्म फुगलेले. चकाकतंय ते अजून कच्चं. लाल तर मुळीच तोडू नकोस, ते घरी आणून पिकत नाही. घोसाच्या टोकाचं फळ आधी पिकतं आणि सगळ्यांत मोठं, गोडही तेच. मागून येतात ती लहान आणि बियाळ.

पिकलेलं फळ आतला पांढरा गाभा घेऊन सुटतं. रास्पबेरीचा गाभा झाडावरच राहतो, म्हणून ती आतून टोपीसारखी पोकळ.

दंडाचं म्हणशील, तर इंग्लंड-वेल्सच्या १९६८च्या चोरीच्या कायद्यातच लिहिलंय : रानात आपोआप उगवलेली फळं घरी खायला तोडली तर ती चोरी नाही, विकण्यासाठी तोडली तर आहे. मात्र कुणाच्या बागेत शिरू नका, झाड उपटू नका. आणि पायवाटेच्या कडेची, गुडघ्याखालची फळं सोडून दे. तिथून कुत्री फिरतात, पुढचं तुला कळलं असेल.

पूर्ण बाह्यांचं जुनं काहीतरी घाल, डाग जात नाहीत. काटे मागे वळलेले असतात. अडकलीस तर हिसका देऊ नकोस, हात आधी पुढे ने. फळं पसरट डब्यात ठेव, खोलगट डब्यात तळाची चेंदून जातात. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडव. बारीक पांढऱ्या अळ्या वर आल्या तर किंचाळू नकोस, त्या फळमाशीच्या. साध्या पाण्याने धू आणि लगेच संपव. उरली तर ताटात सुटी पसरून फ्रीजरमध्ये घट्ट होऊ दे, मग पिशवीत भर.

घाई मात्र कर. २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये असं तिकडे म्हणतात. स्वर्गातून ढकललेला सैतान नेमका या जाळीत पडला आणि चिडून फळांवर थुंकला! १७५२मध्ये पंचांग बदललं, तेव्हापासून काही जण ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत सूट देतात. सैतानाचं मला ठाऊक नाही, पण तोवर पाऊस आणि गारठ्याने फळं पाणचट होतात, बुरशी धरते.

यंदा फळ दिलेली फांदी वाळून जाते. शेजारी जी हिरवी, बिनफुलाची फांदी दिसतेय ती पुढच्या वर्षी फळेल. जागा लक्षात ठेव.

सासूबाईंना कवळी असेल तर फळं तशीच देऊ नकोस, बिया हिरडीत बसतात. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घोट. जॅम करायचा तर एक आंबट सफरचंद सालीसकट टाक, नाहीतर तो आवळत नाही. अन् त्यांना हळूच सांग, कोंबडा की कोंबडी हा खेळ इथे चालायचा नाही; फोडाल ती आतून पांढरीच निघणार!