सही करण्याआधी प्लॉटवर फक्की मारा

आर्किटेक्टचा नकाशा कागदावर छानच दिसतो. सही करण्याआधी एक रविवार काढा, प्लॉटवर फक्कीने (चुन्याच्या पांढऱ्या पुडीने) खोल्या खऱ्या मापात आखा आणि घरच्या सगळ्यांना त्यातून चालवा. आम्ही पुण्यात धायरीला घर बांधलं तेव्हा हे केलं नाही. आता आई ओट्याशी पोळ्या लाटत असली की मागचा फ्रीज उघडता येत नाही, पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा थांबावं लागतं. ओट्यासमोर ४ फूट मोकळे ठेवाच.

पुण्यात पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेचंच. तिकडे जिना, बाथरूम, कपाटं टाका. खिडकी हवीच असेल तर वर दोन फुटांचा छज्जा काढा. बेडरूम पूर्वेला मिळाली तर रात्री भिंती तापलेल्या नसतात.

आईवडिलांची खोली तळमजल्यावरच, बाथरूम लागून. आज ते भराभर जिना चढतात, मान्य. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचा वॉकर सव्वादोन फुटी बाथरूमच्या दारात अडकला आणि ते तिथेच भिंत धरून उभे राहिले, ते मी विसरू शकत नाही. दार ३ फुटांचं करा, उंबरा नको.

सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा, प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्यावर ठरतं, ते आधी लिहून घ्या. धुणं-भांड्यांची जागा स्वयंपाकघरालगत ठेवा आणि सोलरची पाइपलाइन नकाशातच दाखवायला सांगा, नंतर फोडाफोडी होते.