तेरा म्हटलं, तीस ऐकू गेलं

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं कास्टिंगचं वर्कशॉप आहे. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणं होतं. माझं व्याकरण चुकत नाही, शब्दांनाही अडत नाही. तरी समोरचा दर दोन वाक्यांनी ‘सॉरी?’ म्हणतो. गेल्या महिन्यात मी ‘थर्टीन बॉक्सेस’ म्हटलं आणि त्यानं तीस लिहून घेतले. माझं चुकतंय कुठं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझे पहिल्या बाकावरचे विद्यार्थी आठवले. इंग्रजीत पैकीच्या पैकी मार्क, आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की दोघांनाही एकमेकांचं कळेना. तेहतीस वर्षं या गावात इंग्रजी शिकवल्यावर माझं ठाम मत झालं आहे की अशा वेळी अडचण शब्दांची नसते, ठेक्याची असते.

लेझीम तुम्ही शाळेत खेळला असालच. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपराचे ठोके ठरल्या अंतरानं पडतात, आणि काडीचे बारीक आवाज मधल्या जागेत दोन असोत की चार, दाटीवाटीनं बसतात. बोललेली इंग्रजी अशी चालते. अर्थाच्या शब्दांवर टिपरू पडतं. ‘द’, ‘टु’, ‘ऑफ’, ‘विल’ हे काडीवर जातात.

तुमच्याच कामातलं वाक्य घ्या. ‘मेन पोअर आयर्न’, म्हणजे माणसं लोखंड ओततात. ठोके तीन. आता ‘द मेन विल पोअर दि आयर्न.’ शब्द दुप्पट झाले, ठोके तीनच. ‘द मेन हॅव बीन पोअरिंग दि आयर्न.’ अजूनही तीन. टेबलावर बोटानं ठोके देत तिन्ही वाक्यं एकाच वेळात बसवून बघा. ‘हॅव बीन’चं ‘अव्बिन’ झाल्याशिवाय ते बसणारच नाही. आळसानं ‘अव्बिन’ होतं असा आपला समज असतो, पण तो ठेक्याचा हिशोब आहे. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1945 मध्ये भाषांच्या तालाचे असे दोन प्रकार सांगितले : आघातावर, म्हणजे जोराच्या ठोक्यावर चालणाऱ्या आणि अक्षरावर चालणाऱ्या. पुढं यंत्रानं मोजल्यावर ठोक्यांमधली अंतरं तंतोतंत सारखी भरली नाहीत. पण इंग्रजी माणसाचा कान त्या ठोक्यांचीच वाट बघतो, हे खरं आहे. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, कुणाला गिळत नाही. तीच सवय घेऊन ‘द’ आणि ‘ऑफ’ही खणखणीत म्हटले की ऐकणाऱ्याला सगळीकडून टिपरूच ऐकू येतं आणि मुद्द्याचा शब्द त्यात हरवतो.

आता तुमचे तेरा बॉक्स. आकडा नुसता म्हटला तर ‘थर्टीन’चा आघात मागच्या ‘टीन’वर आणि ‘थर्टी’चा पुढच्या ‘थर्’वर. कान फरक करतो तो यावरून. पण पुढं ‘बॉक्सेस’ आलं की तेराचा आघातही सरकून ‘थर्’वर येतो, कारण ‘टीन’ आणि ‘बॉक्स’ असे दोन ठोके शेजारी पडणं इंग्रजीला जड जातं. मग तेरा आणि तीस यांच्यात उरतो तो लांब ‘टी’ आणि शेवटचा ‘न’, आणि हा ‘न’ फोनवर विरून जातो. म्हणून आकडा आधी एकटा म्हणा, त्यावर थांबा, मग ‘वन, थ्री’ असे सुटे अंक सांगा. पंधरा-पन्नास, सोळा-साठ यांनाही हेच. यात कमीपणा मुळीच नाही, ज्यांचं काम आकड्यांवर चालतं ते असंच बोलतात.

आणखी एक धोका सांगते, तुमच्या धंद्यात तो रोजचा आहे. ‘वी कॅन डिलिव्हर’ म्हणताना ‘कॅन’ काडीवर जायला हवं : ‘वी कन् डिलिव्हर’, आघात ‘लि’वर. तुम्ही भरदार ‘कॅन’ म्हटलंत तर अमेरिकन माणसाला ‘कॅन्ट’ ऐकू येऊ शकतं. त्याच्याकडं नकाराचाच ‘कॅ’ ठसठशीत असतो आणि शेवटचा ‘ट’ तो गिळतो. माल देतो म्हणायचं आणि नाही देत असं पोचायचं, हे फार महागात पडेल.

आघाताचं दुसरं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. आपल्याकडं ‘च’ आहे. मीच ड्रॉइंग पाठवलं, मी ड्रॉइंगच पाठवलं, मी सोमवारीच पाठवलं. इंग्रजीत ‘च’ नाही. ‘आय सेंट द ड्रॉइंग ऑन मंडे’ या एकाच वाक्यात ‘आय’वर, ‘ड्रॉइंग’वर किंवा ‘मंडे’वर आवाज उचलून ते हे सगळे ‘च’ घालतात. आणि आपण कोल्हापूरकर जे ‘पाठवलं की!’ म्हणतो, त्यातला ‘की’ म्हणजे त्यांचं ‘आय डिड सेंड इट’, ‘डिड’वर टिपरू. इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी मनात मराठी ‘च’ कुठं पडतो ते बघा आणि तिथं आवाज वर न्या. माझ्या वर्गात व्याकरणाच्या पानांपेक्षा ही युक्ती लवकर लागू पडली.

प्रश्न : मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी इंग्रजी भाषण बसवतेय. जीभ वळवून अमेरिकन ढंगात बोलायला शिकवू का? — एक आई, राजारामपुरी

उत्तर : नको, ताई. ढंग उसना दिसतो आणि पोरीचा स्वतःचा आवाज त्यात दबतो. त्यापेक्षा भाषणातले मोठे शब्द कोशात काढा. उच्चाराच्या जागी एक बारीक उभी रेघ वरच्या बाजूला असते, तिच्या लगेच पुढच्या भागावर आघात. ‘डेव्हलपमेंट’चा ‘व्हे’वर, ‘कमिटी’चा ‘मि’वर, ‘हॉटेल’चा चक्क ‘टेल’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. एवढं जमलं तर मराठी वळणाची इंग्रजी जगात कुठंही कळते.

प्रश्न : नातू परदेशात वाढतोय. मी फोनवर भराभर बोलतो असं तो म्हणतो. सावकाश बोललो तर ‘आजोबा, रोबोट’ म्हणतो. काय करू? — एक आजोबा, शुक्रवार पेठ

उत्तर : आजोबा, शब्द ताणू नका, मधे थांबा. चार-पाच शब्दांचा एक घास, मग श्वास. सकाळचा फेरफटकाच सांगा त्याला : ‘आय गो टु द रिव्हर’, थांबा, ‘इन द मॉर्निंग’, थांबा, ‘अँड ड्रिंक अ ग्लास ऑफ मिल्क’, थांबा, ‘ऑन द वे होम’. घासाच्या आत वेग तुमचाच ठेवा, फक्त ‘रिव्हर’, ‘मॉर्निंग’, ‘मिल्क’ आणि ‘होम’ यांना जागा द्या. गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून दूध काढून देतात हे ऐकल्यावर तो प्रश्न विचारणारच. तेव्हा त्याचे आघात कुठं पडतात ते ऐका आणि पुढच्या पत्रात मला कळवा.