परसबाग: काउंटरवरची बाटली नको, पंधरवड्याची पेरणी करा

पाऊस ओसरायला लागला की परसबागेचे प्रश्न सुरू होतात. या वेळचे चार घेतो.

प्रश्न : घरामागे गुंठाभर जागा आहे, घरात पाच माणसं. घटस्थापनेनंतर लावायचं आहे. काय आणि किती लावू? (नेवासा तालुका)

गुंठा भरपूर झाला, ताई. आधी ऊन बघा. पाच-सहा तास ऊन नसेल तिथे फळभाजी धरणार नाही, तिथे आलं, हळद, अळू लावा. शेवगा, पपई, केळी उत्तरेच्या कडेला, म्हणजे हिवाळ्यात सावली वाफ्यांवर येत नाही. वाफा साडेतीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. गोल, सात पाकळ्यांचे वाफे फोटोला छान दिसतात, पण खुरपताना तुम्हालाच कळेल. सरळ वाफे करा.

दोन-अडीच क्विंटल कुजलेलं शेणखत आणि चार-पाच किलो निंबोळी पेंड एवढं बास. ओलं शेण टाकाल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही घरी आणाल. दुकानदार म्हणेल, युरियाचं पोतं घेऊन जा. पोतं 45 किलोचं असतं, तुमच्या गुंठ्याला एका वेळी अर्धा किलोही पुष्कळ. वांगी कमरेएवढी, काळीभोर, पानापानाला मावा आणि फळ एकही नाही, असं परस दिसलं की युरिया किती टाकला ते विचारायचीही गरज पडत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच लोक ऐकत नाहीत. बियांचं पुडकं एका दिवशी संपवू नका. मेथी एकदम विस्कटली की महिन्याने आठ दिवस घरात मेथीच मेथी, उरलेली गुरांना, आणि पुढचा महिना पुन्हा बाजार. मेथी, कोथिंबीर, मुळा हे दर पंधरा दिवसांनी हातभर ओळीत पेरा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पालक उपटू नका, दोन बोटं वर ठेवून कापा, पुन्हा फुटतो. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाके करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. वांगी आठ झाडं, मिरची दहा, टोमॅटो पंधरा. याहून जास्त लावाल तर शेजाऱ्यांना वाटत बसाल. गवारीला पुसा नवबहार, वांग्याला मांजरी गोटा बरे. संकरित नसल्याने बी घरचं धरता येतं. पुदिना फुटक्या बादलीत लावा, वाफ्यात सोडला की सगळी जागा खातो. कढीपत्ता, गवती चहा, पानाचा ओवा बांधाला. मोरीचं साबणाचं पाणी केळीला सोडा, पालेभाजीला नको. पाकिटातलं रंगवलेलं बी उरलं तर कोंबड्यांपुढे टाकू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

प्रश्न : भेंडीची पानं पिवळी पडली, काही आकसली. दुकानदाराने तीन बाटल्या एकत्र मारायला दिल्या. मारू का? (बार्शी)

नाही. मारू नका. परत करून या.

दादा, आधी पान हातात घ्या. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, जाळीसारखं दिसतंय? मग तो हळद्या, म्हणजे केवडा, विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. रोग लागलेलं झाड कुठल्याही बाटलीने बरं होत नाही. उपटा, जाळा किंवा पुरा. उरलेल्या झाडांत पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या.

पण पानं पिवळी नसून बोटांसारखी चिरलेली, अरुंद, शेंडा वाकडा असेल तर तो रोगच नाही. उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप तसाच भाजीवर वापरला असणार, नाहीतर शेजारच्या फवारणीचा वारा लागला असणार. हे मी इतक्या शेतांत पाहिलंय की आता पहिला प्रश्न पंपाचाच विचारतो. दुकानदार यालाही ‘व्हायरस’ म्हणतो आणि टॉनिक देतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुऊन भागत नाही.

एक कायमचं लक्षात ठेवा. प्रत्येक कीटकनाशकाला फवारणी ते तोडणी असे ठरलेले दिवस पाळावे लागतात. परसबागेत तुम्ही एक दिवसाआड तोडता. ते दिवस पाळणार कसे? म्हणून परसात रासायनिक फवारणी नकोच. टोपणाने मोजून नको, ‘थोडंच मारलं’ म्हणून नको, दोन-तीन औषधं मिसळून तर मुळीच नको. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला 2005 पासून बंदी आहे, तरी ‘मावा आटोक्यात येतो’ म्हणून सांगणारे भेटतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती शेतात. इथे तर चूल दहा पावलांवर आहे. बाटलीवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ती परसात आणायचीच नाही.

त्याऐवजी निंबोळी अर्क. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, पाणी घालून दहा लिटर करा, वीस ग्रॅम साबणचुरा मिसळा. फवारणी त्याच संध्याकाळी. भर उन्हात नको. उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. आठ दिवसांनी पुन्हा. निंबोळ्या जूनमध्येच गोळा करून ठेवायच्या असतात, दिवाळीत शोधून मिळत नाहीत.

प्रश्न : परसबागेला सरकारी मदत मिळते का?

बचत गटात असाल तर ‘उमेद’च्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) माझी पोषण परसबाग मोहिमेची चौकशी करा. नाडेप (कंपोस्टची विटांची टाकी) किंवा गांडूळ खताचा हौद रोजगार हमीतून होत आलाय, सध्या काय चालू आहे ते जॉब कार्ड घेऊन ग्रामपंचायतीत विचारा. मंजुरीसाठी पेरणी थांबवू नका.

प्रश्न : दुधीला फुलं भरपूर, पण बोटभर झाला की पिवळा पडून गळतो. कुठलं टॉनिक मारू? (संगमेश्वर)

कुठलंच नाही, काका. आधी नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या खाली चिमुकला दुधी असतो, तो पिवळा पडला म्हणजे बहुधा परागीकरण झालं नाही. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. त्याच वेळी पंप घेऊन फिरलात तर परागीकरण करणारे किडे येतील कुठून? दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. कारल्याला आणि काकडीला हेच सकाळी करा.

फळ वाकडं होऊन त्यावर डिंकाचा थेंब दिसत असेल तर ती फळमाशी. आत अळी आहे, वरून फवारून तिच्यापर्यंत काही पोचत नाही. पडलेली फळं वेलाखाली ठेवू नका, दीड-दोन फूट खोल पुरा. क्यू-ल्यूरचा (फळमाशीला ओढणारं आमिष) एक सापळा मांडवाला टांगा आणि नवीन धरलेल्या फळाला कागदी पिशवी बांधा. पावसाने भिजली तर बदला.